गौर येते तेव्हा बोलायचं नसतं

खरं सांगायचं तर मॉरिशसला मी घर चुकवायला गेलो. बायको जाऊन सहा-सात महिने झाले होते, भाद्रपद तोंडावर आला होता, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत रिकाम्या देवघरासमोर बसून राहायची माझी छाती नव्हती. वर्ष झालेलं नसल्यामुळे त्या साली आमच्याकडे सण नव्हताच. पण सणाच्या दिवशी सण नसलेलं घर किती मोठं वाटतं, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

मला नेण्याचं श्रेय मास्टरजींचं. मास्टरजी माझे शेजारी, इंटर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अस्सल बुंदेलखंडी. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप नाही. त्यांचा जावई तिकडे साखर कारखान्यात इंजिनिअर होता आणि 'एकदा या, एकदा या' म्हणून मागे लागला होता. तिसरे आमचे सुभेदार. हे मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीबरोबर झाशीजवळच्या बबीना छावणीत आले आणि निवृत्त झाल्यावर गावी जायचं सोडून झाशीतच घर बांधून बसले. गावी भाऊबंदकी, इथे मिलिटरी हॉस्पिटल जवळ, एवढा सरळ हिशेब. आम्ही तिघं रोज सकाळी फिरून इलाइट चौराह्यावर एका टपरीवर चहा पितो. तिकिटं काढायचं तिथेच ठरलं. म्हणजे त्या दोघांनी ठरवलं आणि मी चहाच्या पेल्यात बघत राहिलो, त्याचा त्यांनी होकार धरला.

मास्टरजी मला 'पंडितजी' म्हणतात. सुभेदार 'झाशीवाले' म्हणतात, आणि त्यात थोडी खोच असते. आमचं घराणं पेशवाईत कोकणातून इकडे आलं ते परत गेलंच नाही. माझ्या बोलण्यात अजून 'माजघर', 'फडताळ', 'वैलावर ठेव' असले शब्द येतात आणि मधूनच 'अरे यार' येतं. सुभेदार म्हणतात, "तुमचं मराठी म्हणजे पेशवाईतलं लोणचं. बरणी तीच, वरून तेल मात्र हिंदीचं." मला राग येतो, कारण ते खरं आहे. माझ्या मुलाला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला तो हिंदीवर घसरतो. सून तर एरचची, बेतवेच्या काठची. तिच्या माहेरी सगळे बुंदेली बोलतात. बारा वर्षं आमच्या घरात राहून ती आम्हाला 'आई' आणि 'बाबा' म्हणायला शिकली, वरण-भाताला तूप जास्त वाढायला शिकली, आणि बाकी मराठी तिने कानांनी ऐकलं, तोंडाने बोलली नाही.

आता गौरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, जरीच्या साड्या नाहीत. पाणवठ्यावरून पाच खडे ताम्हनात घेऊन घरी यायचं, एवढंच. पण जी आणते तिने पाण्यापासून उंबऱ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मागून कुणीतरी घंटा वाजवत चालतं. दारात तिचे पाय दुधा-पाण्याने धुतात, कुंकू लावतात, आणि आतून कुणीतरी विचारतं, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" ती म्हणते, "सोन्याच्या पावलांनी." तो तिचा पहिला शब्द.

माझ्या बायकोने ही गौर जन्मभर आणली. देवळाजवळच्या विहिरीवरून ती निघाली की आमच्या गल्लीत सगळ्यांना समजायचं. गल्लीत मराठी घर आमचं एकच, तरी भाजीवाला आरोळी मध्येच गिळायचा आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रेडिओ बंद करायचा. इकडे मराठी माणसांना दक्षिणी म्हणतात. "दक्षिणियों की गौर आ रही है," असं म्हणून मास्टरजीसुद्धा गप्प बसायचे, वर्षातून एकदाच. पुढे नगरपालिकेने विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली. मग बायको विहिरीशेजारच्या नळाखाली खडे धुऊन आणायला लागली. म्हणायची, "ही काय गौर? ही नगरपालिकेची गौर. एकदा नदीची आणायला हवी हो." मी म्हणायचो, "बघू." आमच्या घरात माझ्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. नदीची गौर काही आली नाही.

ती गेल्यावर मी जाहीर करून टाकलं होतं की पुढच्या वर्षीपासून गौर बंद. मी बॅग भरत होतो तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, अगले साल गौर हम ले आएँ?"

मी म्हणालो, "बघू."

ती माझे सदरे घडी घालून बॅगेत ठेवायला लागली. तिलाही त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. मला वाटत होतं ते सरळ होतं. जिला आरतीतली एक ओळ धड म्हणता येत नाही, जिच्या माहेरी ही रीत कुणी ऐकलेली नाही, तिने आणलेली गौर म्हणजे नाटक. मराठी या घरातून माझ्याबरोबर जाणारच आहे. मग मागे एक गौर तरी रखडत कशाला ठेवायची? एकदाच काय ते बंद झालेलं बरं.

मॉरिशसला उतरलो आणि पहिल्यांदा थंडी वाजली. भाद्रपदात झाशीत घामाने अंगाला कपडा चिकटतो, आणि इथे लोक लोकरीची जाकिटं घालून हिंडत होते. मास्टरजींना तर आयुष्यभर खडू घासून शिकवलेला दक्षिण गोलार्ध स्वतःच्या पायांखाली मिळाला होता. "यहाँ अभी जाड़ा है, पंडितजी! और सूरज दुपहर को उत्तर में!" असं ते विमानतळावरच्या हमालालाही सांगून आले. सुभेदारांची मात्र पंचाईत झाली. सूर्य बघून दिशा सांगायची त्यांची पलटणीतली सवय. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला ठामपणे उलट दिशेला नेलं, आणि दोन्ही वेळा दोष त्या देशाला दिला.

तो देश बघताना माझी भुवई वरच राहिली, हे कबूल करतो. जावई गाडीतून दाखवत होता, हे बघा तामिळांचं कोविल, ही मशीद, हे चर्च, हा चिन्यांचा पॅगोडा, सगळं एकाच रस्त्यावर. मी मनात म्हटलं, भिंतीला भिंत लागली म्हणजे माणसं शेजारी झाली असं कुठे आहे? आमच्या झाशीतही सगळं शेजारी शेजारीच आहे. पण पोर्ट लुईच्या बाजारात दालपुरीच्या गाडीसमोर उभा राहिलो आणि जरा विचार करावा लागला. दालपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण, पातळ, आत डाळीची पूड, वर वाटाण्याची उसळ आणि चटणी. विकणारा मुसलमान होता. रांगेत माझ्या पुढे काळ्या कुरळ्या केसांची एक ऑफिसातली बाई, मागे पांढऱ्या शर्टातला चिनी म्हातारा, आणि सगळे त्यांच्या क्रिओल भाषेत, म्हणजे मोडून-जोडून घरगुती केलेल्या फ्रेंचमध्ये, एकमेकांची चेष्टा करत होते. मास्टरजी एका चिनी बाईच्या दुकानात साबण घ्यायला गेले आणि खुणा करून आंघोळीचा अभिनय करू लागले. बाईने शांतपणे विचारलं, "साबुन चाही का?" तिच्या दुकानात भोजपुरी गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या येत होती, त्यामुळे ती बोलायला शिकली, बस. त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. मास्टरजी मात्र तो साबण झाशीपर्यंत न उघडता घेऊन आले.

चौथ्या दिवशी जावयाला कामावर जायचं होतं, म्हणून त्याने आमच्यासाठी एक गाडी ठरवली. गाडीवाला साधारण साठीचा, सावळा, हसरा. आमच्याशी हिंदी बोलत होता, फोनवर क्रिओल. वाटेत त्याने विचारलं, "आप लोग इंडिया में कौन जात? तामिल, तेलुगू, मराठी?" तिकडे मराठी म्हणजे अशी एक जातच समजतात.

मी म्हणालो, "मराठी."

त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "हम भी मराठी हैं!" मग आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. त्याला मराठी येत नव्हतं. माझं मराठी ऐकायची त्याला फार इच्छा होती, म्हणून मी दोन वाक्यं बोललो, ती त्याने देवळात तीर्थ घ्यावं तशी मान खाली घालून ऐकली. त्याचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला आले. माझे पूर्वज कोकणातून कारभार करायला झाशीला आले. त्यानेही कोकण पाहिलेलं नव्हतं आणि मीही पाहिलेलं नव्हतं. साताऱ्याचे सुभेदार मधोमध बसून म्हणाले, "घ्या! दोन कोकणी, आणि समुद्र कोणत्या बाजूला ते मला विचारायचं!"

उसाच्या शेतांमधून जाताना जागोजाग काळ्या दगडांचे ढीग दिसत होते, घराएवढे उंच. मी विचारलं तेव्हा गाडीवाल्याने सांगितलं की ती जमीनच ज्वालामुखीची. ऊस लावायच्या आधी हे दगड माणसांनी हातांनी उचलून बाजूला केले. "हमारे बाप के दादा लोग," तो म्हणाला. मग मी विचारलं की इथे इतक्या तऱ्हेचे लोक, भांडणं होत नाहीत का? तो हसला. "होता है न! चुनाव में देखिए. शादी में देखिए. मेरे घर में भी हुआ." काय झालं ते त्याने सांगितलं नाही. उलट आमंत्रण दिलं, "कल खाना मेरे घर. गणपति बैठा है, पाँच दिन."

मला जायचं नव्हतं. ज्याच्यापासून पळालो तो सणच समुद्र ओलांडून पुढे येऊन बसला होता. पण आमंत्रणाला नाही म्हणणं मास्टरजींच्या रक्तात नाही, आणि सुभेदारांना मोदकांचा वास आधीच यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी जावयाने आम्हाला गावाच्या तोंडाशी सोडलं आणि तो कामाला गेला. घर नदीकडच्या रस्त्यावर, निळा दरवाजा, एवढं ठाऊक होतं. सुभेदारांनी दिशा सांगितली, म्हणून आम्ही अर्थातच चुकलो. एका उताराच्या रस्त्यावर येऊन उभे राहिलो. दोन्ही बाजूंना ऊस, माणूस नाही. तेवढ्यात खालून एक बाई वर येताना दिसली. हिरवी साडी, कुरळ्या केसांचा अंबाडा, वर्णाने चांगली काळी, आफ्रिकी वळणाचा चेहरा. गळ्यात बारीक साखळीत क्रूस. हातात काहीतरी धरलेलं आणि त्यावर केळीचं पान.

मास्टरजी पुढे सरसावले. "नमस्ते बहनजी! ये नदी वाला रास्ता किधर है?" बाई थांबली नाही, बोलली नाही. मास्टरजींनी तेच इंग्रजीत विचारलं. मग तेच आणखी मोठ्याने. बाई आमच्या अगदी जवळ आली, डोळे खाली, ओठ घट्ट मिटलेले. मास्टरजी तिच्याबरोबर उलट चालत हातवारे करून विचारायला लागले. सुभेदार म्हणाले, "अहो, ऐकू येत नसेल तिला." मास्टरजींचा चेहरा उतरला. "सुनाई सब दे रहा है, बात नहीं करना चाहतीं. बड़ी घमंडी हैं." मलाही राग आला. परक्या मुलखात तीन म्हातारे रस्ता विचारतात आणि हिच्या तोंडातून हूं की चूं नाही!

आणि मग मला घंटा ऐकू आली. वळणावरून एक मुलगी येत होती आणि चालता चालता पितळी घंटा वाजवत होती. मी बाईच्या हातांकडे पाहिलं. पानाखाली ताम्हन होतं. बाईचे पाय अनवाणी होते, थंडगार डांबरावर.

मी मास्टरजींच्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला. "मास्टरजी, चुप. गौर आ रही है." इतकी वर्षं आमच्या गल्लीत राहिलेल्या माणसाला जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि ते उसाला टेकून उभे राहिले. सुभेदारांनी टोपी काढली. बाई आमच्यासमोरून गेली. जाताना तिने एकदाच डोळे वर केले, आणि त्या डोळ्यांत हसू होतं. मी तिथे उभा राहून रडलो. बायको गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर नीट रडता आलं नव्हतं, ते तिथे आलं.

तिच्या मागोमाग चालत गेलो तर निळा दरवाजा समोर. ती गाडीवाल्याची सून होती. उंबऱ्यात त्याची बायको तांब्या घेऊन उभी होती. तिने सुनेचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही, पण काय विचारलं ते कळलं. चालसुद्धा तीच होती, शेवटी वर चढणारी. सुनेने उत्तर दिलं आणि ती घरात गेली. पुढे खोल्या दाखवणं झालं, गणपतीशेजारी तांदळावर खडे ठेवणं झालं. त्या शेतांतल्या दगडांसारखेच काळे, नदीने गोल केलेले.

जेवायला केळीच्या पानावर सात तऱ्हेच्या भाज्या होत्या. पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. मी गाडीवाल्याच्या बायकोला विचारलंच. जरा आडून विचारायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. सून दुसऱ्या धर्मातली, तुमच्यातली नाही, तिला मंत्र नाही की आरती नाही, मग तिने आणलेली गौर तुम्हाला चालते कशी?

मास्टरजींनी घास तोंडाशीच धरला. गाडीवाला पानाकडे बघू लागला. म्हातारीला मात्र राग आला नाही. तिने माझ्या पानात भाजी वाढत भोजपुरीत सांगितलं, "शादी में हम भी बहुत रोए रहे, झगड़ा किए रहे. बाकी गौर खातिर का झगड़ा? ए में बोले के का बा? चुपे त रहे के बा."

यात बोलायचं काय असतं? गप्पच तर राहायचं असतं.

मी हातातला घास ठेवला. चाळीस वर्षं ती रीत डोळ्यांसमोर पाहिली, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी भाषेवर अडून बसलो होतो, आणि आमच्या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट जिभेवाचूनच चालत आली होती. जिने कुणी ती सुरू केली असेल तिला हे ठाऊक असावं. बोलणं लेकी-सुनांबरोबर बदलत जाणार, पण ताम्हन धरून गप्प चालणं कुठल्याही गावची पोर करू शकते. मी म्हातारीकडे आणखी भाजी मागितली. ती म्हणाली, सुनेने बनवली आहे, म्हणून तिखट आहे. तिखट होतीच, डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे माझं रडणं खपून गेलं.

निघताना सुनेशी बोलायचं होतं. आमच्या दोघांत सामाईक अशी भाषा एकही नव्हती. मी नमस्कार केला. तिने मास्टरजींकडे बोट दाखवून स्वतःच्या ओठांवर हात ठेवला आणि ती मोठ्याने हसली. मास्टरजींनी कान पकडले.

झाशीला परतल्यावर मी सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली. मनात बरंच योजलं होतं, पण एवढंच बोललो, "अगले साल गौर तुम लाना."

ती क्षणभर थांबली. 'बघू'चा हा उलटा प्रकार तिने कधी ऐकला नव्हता. मग म्हणाली, "जी बाबा," आणि आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

पुढच्या भाद्रपदात गौर यायच्या दिवशी मी पहाटेच उठलो. दूध काढून ठेवलं, तांब्या घासला. वाटलं, सून नळावर जाईल आणि पाच मिनिटांत येईल. तर सून घरात नाही, मुलगा नाही, ताम्हन नाही, गाडी नाही. देव्हाऱ्यातली घंटासुद्धा गायब. मास्टरजींच्या घरी गेलो तर तेही नाहीत. सुभेदार येऊन बसले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मुलाला फोन लावला. त्याने उचलला आणि हळूच म्हणाला, "बाबा, येतोय, रस्ते में हैं," आणि ठेवून दिला. मुहूर्त टळत चालला होता. मी येरझारा घालायला लागलो. म्हटलं, हौसेने मागून घेतलं आणि वेळेला गाव फिरायला गेले. सुभेदार म्हणाले, "झाशीवाले, बसा खाली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

ऊन चांगलं वर आलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली. गाडी बाहेरच्या रस्त्यावर थांबली होती. आधी सून उतरली, अनवाणी, हातात ताम्हन. मागे मास्टरजी, आणि घंटा त्यांच्या हातात. भाजीवाल्याने आरोळी गिळली. इस्त्रीवाल्याने रेडिओ बंद केला. ती दोन वर्षांनी आमच्या गल्लीत आलेली शांतता होती, आणि तिच्यातून ती सावकाश चालत आली. तिचे पाय चिखलाने भरले होते. आमच्या नळाजवळ चिखल नसतो. मुलगा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला तेव्हा मला कळलं. ती पहाटे एरचला गेली होती, माहेरच्या घाटावर, बेतवेत उतरून खडे घ्यायला. तिथून इथपर्यंत दोन तासांचा रस्ता. वाटेतल्या मोंठ गावाजवळ चाक पंक्चर झालं, लोक जमले, कुणी काय कुणी काय विचारत राहिलं, तिचा मामा वाटेत भेटला, पण तिने तोंड उघडलं नाही. तिच्याबरोबर मास्टरजींनीही नाही. "आई कहती थीं न," मुलगा म्हणाला, "नदी की लानी है. इसको कहा था."

बायको मला सांगत होती तेव्हा सुनेलाही सांगत होती. मी 'बघू' म्हणालो होतो, आणि सुनेने ऐकून ठेवलं होतं.

मी वाकून तिचे पाय धुतले. आमच्याकडे सासऱ्याने सुनेचे पाय धुवायची पद्धत नाही, पण त्या दिवशी ती सून नव्हती, गौर होती. चिखल निघायला वेळ लागला. कुंकू लावलं. आता विचारायचं होतं, आणि मी रिकामा तांब्याच पुसत राहिलो. सगळी गल्ली बघत होती. शेवटी मागून सुभेदारांनी परेडच्या आवाजात विचारलं, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. बारा-तेरा वर्षं कानांत साठवलेलं मराठी तिने पहिल्यांदा तोंडाने काढलं. "सोन्याच्या पावलांनी," ती म्हणाली. अगदी स्पष्ट, आमच्या हिच्यासारखी शेवटी चाल वर चढवून. आणि मग उंबरा ओलांडता ओलांडता, घशाला हात लावत, माहेरच्या बुंदेलीत, "बाबा, तनक पानी दे दो. गरो सूक गओ."

मी पाणी आणायला धावलो.